यादीतले शब्द आणि वाक्यातले शब्द: प्रगत इंग्रजी शब्दसंग्रहाचे एक प्रकरण

इंग्रजीवर बऱ्यापैकी हात बसलेल्या माणसाला एका टप्प्यावर आपल्याजवळचे शब्द अपुरे पडत आहेत असे जाणवू लागते, आणि मग तो बहुधा एकच उपाय करतो: कठीण शब्दांची यादी मिळवतो आणि ती पाठ करू लागतो. हा उपाय नेमका कोठे कमी पडतो आणि त्याच्या जागी काय करता येते, हे एका विद्यार्थिनीच्या प्रकरणातून येथे तपासले आहे. ही विद्यार्थिनी प्रातिनिधिक आहे. तिच्यात एकत्र आणलेली लक्षणे या पायरीवर अडकलेल्या अनेकांत कमीअधिक प्रमाणात दिसतात. सार्वजनिक आरोग्य या विषयात तिने पदव्युत्तर शिक्षण घेतले असून संशोधन अहवाल वाचणे, त्यांचा गोषवारा काढणे आणि स्वतः अहवाल लिहिणे हे तिचे रोजचे काम आहे. एका प्रवेशपरीक्षेच्या तयारीत तिने तीन-साडेतीन हजार शब्दांची यादी मन लावून पाठ केली होती. कोणताही शब्द विचारला की ती एका श्वासात त्याचा अर्थ सांगत असे.

तरीही तिच्या तक्रारी तीन होत्या. शोधनिबंध आणि वैचारिक लेख वाचताना तिची गती अडखळत असे, आणि वाचून झाल्यावरही लेखकाचे म्हणणे निसटल्यासारखे वाटे. तिने लिहिलेले मसुदे 'भाषा जड आहे, सोपे करा' अशा शेऱ्यानिशी परत येत. बैठकीत बोलताना तर पाठ केलेल्या शब्दांपैकी एकही ओठांवर येत नसे. ती शाळकरी वयातल्या शब्दांवरच वेळ निभावून नेई. शब्द एवढे, आणि उपयोग इतका थोडा, याचा उलगडा तिला होत नव्हता. आपली स्मरणशक्ती कमी पडते, असा निष्कर्ष काढून ती आणखी एक, याहून मोठी यादी हाती घेण्याच्या बेतात होती.

यादीचे स्वरूप

तिची यादी दोन कारणांनी अडचणीची होती. पहिले कारण शब्दांच्या निवडीचे. 'पल्क्रिट्यूड', 'सेस्क्विपिडेलियन', 'ऑब्स्ट्रेपरस' असे शब्द त्यात मुबलक होते. ते खोटे नाहीत, परंतु आरोग्यविषयक अहवालांच्या वाचनात आयुष्यभरात ते किती वेळा भेटतील, याचा विचार यादी करणाऱ्याने केलेला नव्हता. अशा याद्यांचा उगम जुन्या प्रवेशपरीक्षांत आहे. त्या परीक्षांत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांतील साम्य ओळखण्याचे प्रश्न असत, आणि त्यांसाठी शब्द एकटा, संदर्भाविना माहीत असणे पुरे होई. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या एसएटी या परीक्षेने शब्दजोड्यांचे प्रश्न 2005 मध्ये वगळले, आणि 2016 पासून दुर्मीळ शब्दांवर बेतलेले वाक्यपूर्तीचे प्रश्नही गेले. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई या परीक्षेने 2011 च्या बदलात विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्या या दोन्हींना निरोप दिला. परीक्षा घेणाऱ्यांनी वाट बदलली, पण याद्या छापणाऱ्यांनी आणि पाठ करणाऱ्यांनी मात्र ती धरून ठेवली.

दुसरे कारण मांडणीचे, आणि ते अधिक घातक होते. यादीत शब्द अर्थानुसार गटांत बांधलेले होते. 'गॅर्युलस', 'लोक्वेशस', 'व्हॉल्युबल', 'व्हर्बोस', 'प्रोलिक्स' या पाचही शब्दांपुढे 'बडबड्या' एवढेच लिहिलेले होते. दिसायला ही मांडणी सुबक आहे. परंतु थॉमस टिंकम यांनी 1993 व 1997 मध्ये आणि रॉब वेअरिंग यांनी 1997 मध्ये केलेल्या प्रयोगांत असे आढळले की अर्थाने जवळचे शब्द एकाच वेळी नव्याने शिकले, तर ते परस्परसंबंध नसलेल्या शब्दांपेक्षा शिकायला अधिक कठीण जातात, कारण ते एकमेकांत मिसळतात. या विद्यार्थिनीच्या बाबतीत तसेच झाले होते. पाचही शब्द तिला 'येत' होते, पण त्यांतील फरक एकाचाही येत नव्हता. क्षुल्लक गोष्टींवर कंटाळवाणे बोलत राहणारा तो 'गॅर्युलस'. अस्खलित, ओघवते आणि भरभर बोलणारा तो 'व्हॉल्युबल', आणि त्यात दोष असेलच असे नाही. 'व्हर्बोस' हा गरजेपेक्षा जास्त शब्द वापरणारा माणूस किंवा मजकूर. 'प्रोलिक्स' बहुधा लेखनाला किंवा भाषणाला लागतो आणि लांबण लावून जीव नकोसा करण्याचा भाव त्यात असतो. हे फरक माहीत नसतील, तर पाच शब्द असूनही प्रत्यक्षात एकच अर्थ हाताशी असतो, आणि तो सांगायला 'टॉकेटिव्ह' हा साधा शब्द आधीपासूनच होता.

अडखळण्याच्या जागा

नवा अभ्यास ठरवण्यापूर्वी तिची नेमकी अडचण पाहणे आवश्यक होते. त्यासाठी तिच्या कामातलेच काही शोधनिबंध घेतले, आणि वाचताना जेथे क्षणभरही थांबावे लागले किंवा वाक्य पुन्हा वाचावे लागले, तेथे तिला खूण करण्यास सांगितले. शब्द अनोळखी आहे की ओळखीचा, याचा विचार न करता खूण करायची होती. या पाहणीतून जे निघाले, ते तिला अनपेक्षित होते. खुणा दुर्मीळ शब्दांवर फारशा नव्हत्याच; त्या बहुतेक अशा शब्दांवर होत्या, जे तिला शाळेपासून 'माहीत' होते.

एका निबंधात 'क्वालिफाइड सपोर्ट' असा प्रयोग होता. पात्रताधारक लोकांनी दिलेला पाठिंबा, असा अर्थ तिने लावला होता. तेथे अभिप्रेत होता तो अटी घालून, हातचे राखून दिलेला पाठिंबा. एवढ्या एका शब्दाने परिच्छेदाचा रोखच बदलून वाचला गेला होता. 'डिस्काउंट द पॉसिबिलिटी' म्हणजे शक्यता कमी करणे, असे तिला वाटे. प्रत्यक्षात ती शक्यता विचारात घेण्याजोगी नाही म्हणून बाजूला सारणे, असा त्याचा अर्थ. 'ओव्हरसाइट' या शब्दाचे देखरेख आणि नजरचूक असे दोन अर्थ आहेत, आणि धोरणविषयक अहवालात दोन्ही येतात. चुकीचा अर्थ लागला, तर देखरेख समितीचे वाक्य चुकांच्या समितीचे होऊन बसते. 'सँक्शन' हा परवानगीही आहे आणि दंडात्मक निर्बंधही. 'कॉम्प्रमाइझ्ड इम्युनिटी' यातल्या कॉम्प्रमाइझमध्ये तडजोड मुळीच नाही, तेथे प्रतिकारशक्ती कमकुवत झालेली असते. 'अकाउंट फॉर' याचा एक अर्थ कारण देणे आणि दुसरा अर्थ एकूण प्रमाणातला अमुक वाटा असणे. आकडेवारीच्या परिच्छेदात तिने पहिलाच अर्थ धरल्यामुळे अमुक आजार तमुक मृत्यूंचे 'स्पष्टीकरण देतो' असे विचित्र वाक्य तिच्या गोषवाऱ्यात उतरले होते. 'फॉर वाँट ऑफ एव्हिडन्स' यातील 'वाँट' इच्छेचा नसून अभावाचा आहे, हे कळल्यावर तिने अशा शब्दांची वेगळी वही उघडली.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा येथे आहे. प्रगत शब्दसंग्रह म्हणजे दुर्मीळ शब्दांचा साठा, ही समजूत चुकीच्या दिशेने नेते. प्रौढ लेखनात वाचक अडखळतो तो बहुतेकदा मधल्या पट्ट्यातल्या शब्दांवर आणि ओळखीच्या शब्दांच्या अनोळखी अर्थांवर. ओळखीच्या शब्दाचा धोका अधिक असतो, कारण अनोळखी शब्द निदान थांबवतो आणि शब्दकोश उघडायला लावतो. ओळखीचा शब्द चुकीच्या अर्थासह सहज पुढे जाऊ देतो.

मधला पट्टा म्हणजे काय, हे आकड्यांतून स्पष्ट होते. मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये सामान्य उपयोगाच्या सुमारे 2,000 शब्दांची सूची प्रसिद्ध केली. न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली सुमारे 35 लाख शब्दांचा शैक्षणिक मजकूर तपासून, वेस्ट यांच्या सूचीबाहेरची पण सर्व विद्याशाखांत आढळणारी 570 शब्दकुटुंबे निवडली. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची साधित रूपे: 'ॲनालाइझ', 'ॲनालिसिस', 'ॲनालिटिकल' ही एकाच कुटुंबातली. त्यांच्या मोजणीत शैक्षणिक मजकुराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वेस्ट यांच्या सूचीने व्यापला, आणि या 570 कुटुंबांनी आणखी सुमारे 10 टक्के भाग व्यापला; कथा-कादंबऱ्यांत मात्र त्यांचा वाटा दीड टक्क्याहूनही कमी निघाला. पॉल नेशन यांच्या 2006 मधील अभ्यासानुसार, लिखित इंग्रजीतले 98 टक्के शब्द ओळखीचे असावेत यासाठी 8,000 ते 9,000 शब्दकुटुंबे लागतात. 98 टक्के म्हणजे दर पन्नास शब्दांत एक अनोळखी. 95 टक्के म्हणजे दर वीस शब्दांत एक. तीनशे शब्दांच्या पानावर हा फरक सहा अडथळे की पंधरा, असा पडतो, आणि पंधरा अडथळ्यांच्या पानावर संदर्भावरून अर्थ ताडणेही दुरापास्त होते. पहिली 3,000 कुटुंबे नित्याची आणि 9,000 च्या पलीकडची विरळ, यांच्यामधल्या प्रदेशाला नॉर्बर्ट श्मिट आणि डायान श्मिट यांनी मध्यम वारंवारितेचा शब्दसंग्रह म्हटले. या विद्यार्थिनीने 9,000 च्या पलीकडे बरीच मुशाफिरी केली होती आणि मधला प्रदेश अर्धाकच्चा सोडला होता. कॉक्सहेड यांच्या सूचीच्या शेवटच्या, म्हणजे त्यातल्या त्यात विरळ गटात 'ऑल्बीइट', 'व्हेअरबाय', 'इन्व्होक', 'पोझ', 'इन्ट्रिन्सिक' असे शब्द आहेत. ती हे सर्व शब्द ओळखत होती. यांतला एकही शब्द तिच्या स्वतःच्या अहवालांत आढळला नाही.

सोबतीचे शब्द

तिचे जुने मसुदे तपासल्यावर 'जड' या शेऱ्यामागचे कारणही दिसले. जे. आर. फर्थ या भाषावैज्ञानिकाने 1957 मध्ये असे मांडले की शब्दाची ओळख तो ज्यांच्या संगतीत असतो त्यांवरून पटते. तिला शब्द माहीत होते, त्यांची संगत माहीत नव्हती. त्रास, धोका किंवा तीव्रता कमी करणे या अर्थाचे शब्द तिने यादीतून एका दमात घेतले होते आणि मग ते हवे तेथे बसवले होते. 'ॲमेलिओरेट द डिसीज', 'मिटिगेट द पेन', 'ॲलिव्हिएट द रिस्क' असे प्रयोग तिच्या लेखनात जागोजाग होते. यांतले कोणतेही वाक्य व्याकरणाने चूक नाही, अर्थही कळतो, पण इंग्रजीत मुरलेल्या वाचकाच्या कानाला ते खटकते. 'मिटिगेट' धोका, परिणाम, हानी यांच्याबरोबर येतो, 'ॲलिव्हिएट' वेदना, हाल, लक्षणे, दारिद्र्य यांच्याबरोबर, 'ॲमेलिओरेट' परिस्थितीबरोबर, 'ॲले' भीती आणि शंका यांच्याबरोबर, 'अस्वेज' अपराधी भावनेबरोबर. मराठीत आपण शंका 'दूर करतो', भीती 'घालवतो' आणि तहान 'भागवतो', त्यांची अदलाबदल करत नाही. ही जाण मातृभाषेत कोणी यादीतून शिकवलेली नसते, आणि परभाषेतही ती यादीतून येत नाही.

याहून सूक्ष्म गोष्ट शब्दाच्या मनोवृत्तीची आहे. काही शब्दांना सोबत्यांमुळे बऱ्यावाईटाचा रंग चढलेला असतो, आणि तो शब्दार्थात सहसा नोंदवलेला नसतो. जॉन सिंक्लेअर यांनी मोठ्या संगणकीय भाषासंग्रहांच्या, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराच्या साठ्यांच्या, आधारे दाखवले की 'सेट इन' या क्रियापदाचा कर्ता बहुतेक वेळा काहीतरी नकोसे असते: सडणे, निराशा, संसर्ग. 'कॉज' या अगदी साध्या क्रियापदाचेही तसेच आहे. त्याच्या पुढे समस्या, नुकसान, मृत्यू, चिंता असे शब्द प्रामुख्याने येतात. विद्यार्थिनीने लिहिले होते की लसीकरण मोहिमेने सुधारणा 'कॉज' केली. तेथे 'लेड टू' किंवा 'ब्रॉट अबाउट' सहज बसले असते. 'प्लेथोरा' याचा अर्थ तिने 'पुष्कळ' असा घेतला होता, आणि म्हणून एका चांगल्या उपक्रमाचे कौतुक करताना 'प्लेथोरा' वापरला होता. त्या शब्दात अतिरेकाची, नको इतके असण्याची छटा असते. 'एक्झॅसर्बेट' केवळ वाईटालाच अधिक वाईट करतो, त्यामुळे फायदे 'एक्झॅसर्बेट' होऊ शकत नाहीत. अशी वाक्ये वाचणाऱ्याला चूक बोटाने दाखवता येत नाही, म्हणून तो मोघमपणे 'भाषा जड आहे' असे लिहितो, आणि लिहिणारा शब्द आणखी सोपे किंवा आणखी कठीण करत बसतो. दोन्ही उपाय मूळ दोषापासून दूर आहेत.

बदललेली पद्धत

पहिली गोष्ट केली ती वगळण्याची. जुन्या यादीतला जो शब्द तिच्या वाचनात निदान दोनदा भेटेल, किंवा लिहिताना जो हवा असून सापडणार नाही, तोच अभ्यासात ठेवायचा, असा दंडक घातला. या चाळणीतून यादीचा मोठा भाग गळून पडला. हे पचवणे तिला सर्वांत अवघड गेले, कारण त्यामागे कित्येक महिन्यांचे श्रम होते. वास्तविक ते श्रम पूर्ण वाया गेलेले नव्हते. शब्द ओळखता येणे ही त्याच्या ज्ञानाची पहिली पायरी आहे, आणि यादीवरून वेगाने अनेक शब्दांशी तोंडओळख होते, हे नाकारता येत नाही. यादी वाईट नसते, ती अपुरी असते. नेशन यांनी भाषाशिक्षणाचे चार समान भाग कल्पिले आहेत: अर्थासाठी वाचणे-ऐकणे, अर्थासाठी बोलणे-लिहिणे, भाषेचा जाणीवपूर्वक अभ्यास, आणि आधीच येत असलेल्या गोष्टींत ओघ आणणे. यादी तिसऱ्या भागाच्या एका कोपऱ्यात येते. या विद्यार्थिनीचा जवळजवळ सगळा वेळ त्या कोपऱ्यात गेला होता.

दुसरा बदल पत्त्यांत, म्हणजे उजळणीसाठीच्या कार्डांत केला. ती आधीपासून अँकी हे, वाढत्या अंतराने कार्डांची उजळणी करवून घेणारे, संगणकीय साधन वापरत होती. त्यामागची कल्पना जुनी आहे. हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि विसरणे सुरुवातीला झपाट्याने, पुढे मंदावत जाते असे दाखवले. सेबास्टियान लाइटनर यांनी 1972 मध्ये कप्प्यांच्या पेटीची पद्धत मांडली, जीत आठवलेले कार्ड पुढच्या, अधिक अंतराने उघडायच्या कप्प्यात जाते आणि विसरलेले पहिल्या कप्प्यात परत येते. साधन योग्य होते, कार्डे मात्र सदोष होती: एका बाजूला एकटा शब्द, दुसऱ्या बाजूला एकशब्दी अर्थ. त्याऐवजी ज्या वाक्यात शब्द भेटला ते संपूर्ण वाक्य घेऊन शब्दाच्या जागी मोकळी जागा ठेवायची आणि शब्द आठवून लिहायचा, असे ठरले. एका कार्डावर एकच उपयोग. 'अकाउंट फॉर' याची दोन वेगळी कार्डे. अर्थ पुन्हा पुन्हा वाचण्याऐवजी तो आठवण्याचा प्रयत्न का करायचा, याला आधार आहे. जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोएडिगर यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना स्वाहिली-इंग्रजी शब्दांच्या 40 जोड्या शिकवल्या. ज्यांना शब्द वारंवार आठवून सांगावे लागले, त्यांना आठवड्यानंतर सुमारे 80 टक्के जोड्या आठवल्या, तर एकदा जमलेल्या जोड्यांची चाचणी ज्यांच्यासाठी थांबवली होती, त्यांना सुमारे एक तृतीयांशच आठवल्या. पुन्हा वाचण्याने मात्र फरक पडला नाही.

येथे एक व्यावहारिक अडचण आली. उत्साहाच्या भरात नवी कार्डे भराभर वाढली, की काही आठवड्यांनी रोजच्या उजळणीचा ढीग साचतो, एक-दोन दिवस चुकतात, आणि मग साधनच उघडावेसे वाटत नाही. तिचे हे पूर्वी झालेले होते. म्हणून रोजच्या नव्या कार्डांची मर्यादा बोटांवर मोजण्याइतकी ठेवली. कार्डांपेक्षा वाचन मोठे असले पाहिजे, हे प्रमाण ढळू द्यायचे नाही, असे ठरले.

तिसरा बदल शब्दकोशाच्या वापरात. पर्यायी शब्दांचा कोश तूर्त बंद केला, कारण तो सारखेपणा दाखवतो, फरक दाखवत नाही. त्याच्या जागी शिकणाऱ्यांसाठी बनवलेला कोश घेतला. कोलिन्स कोबिल्ड हा 1987 चा कोश या कामी महत्त्वाचा आहे, कारण सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली तो प्रत्यक्ष वापराच्या संग्रहावरून रचला गेला आणि त्यात अर्थ संपूर्ण वाक्यात दिलेले आहेत. शब्द कोणासोबत येतो, ते व्याख्येतच दिसते. शंका राहिली, तर भाषासंग्रहात शब्द टाकून त्याच्या अलीकडे-पलीकडे काय येते, ते पाहायचे. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा 10 कोटी शब्दांचा संग्रह आणि त्याहून कितीतरी मोठा असा समकालीन अमेरिकी इंग्रजीचा संग्रह, दोन्ही त्यासाठी उपलब्ध आहेत. 'अस्वेज' कोणकोणत्या नामांसोबत येतो, हे पन्नास ओळींवर नजर फिरवून जितके पक्के बसते, तितके कोणत्याही व्याख्येने बसत नाही.

धातू आणि उपसर्गांच्या अभ्यासाविषयी तिला मोठी आशा होती. वैद्यकीय शब्दांत ती सार्थ ठरते: 'हायपर' म्हणजे अधिक, 'हायपो' म्हणजे कमी, शेवटी 'आयटिस' असेल तर दाह. सामान्य शब्दांत मात्र धातू आठवणीला हूक देतो, अर्थाची हमी देत नाही. 'इन्फ्लेमेबल' मधला 'इन' नकाराचा नाही. 'नाइस' हा शब्द अज्ञानी या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे, पण आजचा अर्थ लावायला त्या मुळाचा उपयोग कोणालाही नाही. धातूंना आम्ही थोडाच वेळ दिला.

लेखन आणि उच्चार

लेखनासाठी एकच सराव ठेवला: आपल्याच जुन्या अहवालातला एक परिच्छेद घेऊन पुन्हा लिहायचा, आणि प्रत्येक बदललेल्या शब्दामागचे कारण एका ओळीत नोंदवायचे. बाटिया लॉफर आणि यान हुल्स्टाइन यांनी 2001 मध्ये असे मांडले की शब्द किती टिकतो हे त्यात किती गुंतवणूक झाली यावर ठरते: त्याची गरज वाटली का, तो शोधावा लागला का, आणि अनेकांतून तो निवडून पारखावा लागला का. पुनर्लेखनात तिन्ही गोष्टी घडतात. विशेष म्हणजे या सरावात तिने जेवढे शब्द घातले, त्याहून जास्त काढले. 'युटिलाइझ' जाऊन 'यूझ' आला, 'कमेन्स' जाऊन 'बिगिन' आला. 1066 च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत फ्रेंचचा आणि पुढे विद्वानांच्या लॅटिनचा थर चढला, त्यामुळे एकाच अर्थाला 'आस्क', 'क्वेश्चन', 'इन्टेरोगेट' अशा वेगवेगळ्या तोलाच्या पायऱ्या आहेत. कोणत्या ठिकाणी खालची पायरी पुरते, हे ओळखणे हाही प्रगत शब्दसंग्रहाचाच भाग आहे. आपल्याकडेही प्रत्येक ठिकाणी तत्सम शब्द पेरणारा लेखक वाचवत नाही.

बैठकीतल्या मौनाचे कारण वेगळेच निघाले. शब्द डोळ्यांनी शिकलेले होते, कानांनी नव्हे. 'इपिटमी' ती मनात 'एपिटोम' असा वाचत असे, 'हायपर्बली' ला 'हायपरबोल', 'इन्डाइट' ला 'इन्डिक्ट', 'अराय' ला 'ऑरी'. आपला उच्चार चुकेल, ही शंका असलेला शब्द माणूस चारचौघांत काढत नाही. देवनागरीत लिहून ठेवल्याने स्वर सांभाळले जातात, पण आघात कोठे आहे ते दिसत नाही, आणि इंग्रजीत आघात सरकला की शब्द परका होतो: 'ॲनालाइझ' मध्ये तो पहिल्या अवयवावर, 'ॲनालिसिस' मध्ये दुसऱ्यावर, 'रेकॉर्ड' नाम असेल तर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. म्हणून प्रत्येक कार्डाला ध्वनी जोडला, आणि आठवलेले वाक्य मोठ्याने म्हणायचा नेम ठेवला.

काय साधले, काय राहिले

बदल सावकाश झाला. सर्वांत आधी वाचन सुधारले, आणि तेही गतीत नव्हे तर अचूकतेत: लेखक कोठे ठाम आहे आणि कोठे हातचे राखून बोलतो आहे, हे तिच्या गोषवाऱ्यांत नीट उतरू लागले. गती त्यामागून आली. मसुद्यांवरचे 'जड' हे शेरे विरळ झाले. त्यांच्या जागी आशयाविषयीचे प्रश्न येऊ लागले, आणि भाषा आड येत नसल्याचे हे त्यातल्या त्यात विश्वासार्ह लक्षण मानता येईल. एकूण किती शब्द येतात, याचा आकडा मात्र तिला आता सांगता येत नाही, आणि एखाद्या यादीवरच्या चाचणीत तिचे गुण पूर्वीपेक्षा कमी पडण्याचीही शक्यता आहे. ज्याला लवकरच अशी चाचणी द्यायची आहे, त्याने ही पद्धत जशीच्या तशी उचलू नये.

या प्रकरणाच्या मर्यादाही मोठ्या आहेत. तिच्याजवळ एकाच विषयाचे रोजचे वाचन होते. एका विषयात राहिल्याने तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात आणि उजळणी आपोआप होते. विविध विषयांवर तुरळक वाचणाऱ्याला हा लाभ मिळत नाही. शिवाय तिचे लेखन वाचून परत पाठवणारे कोणीतरी होते. एकट्याने शिकणाऱ्याला संगतीची चूक स्वतःहून दिसणे कठीण असते, कारण चुकीचे वाक्य त्याला बरोबरच वाटते. भाषासंग्रहात पडताळून पाहण्याची सवय ही उणीव काही अंशी भरून काढते, पूर्णपणे नाही.

बोलणे अजून मागेच आहे. त्यात मुख्य अडसर आता उच्चाराचा नसून दोन-तीन साध्या शब्दांनी बनलेल्या क्रियापदांचा आहे: 'बेअर आउट', 'रूल आउट', 'फॉल थ्रू', 'कम अप अगेन्स्ट'. बैठकीतले सहकारी यांवरच बोलतात, आणि तिच्या जुन्या यादीत यांपैकी एकही नव्हता, कारण यादी करणाऱ्याला ते कठीण वाटले नसावेत. सध्या तिच्या नव्या कार्डांपैकी निम्म्याहून अधिक याच प्रयोगांची आहेत. ती वाचनातून न घेता बैठकीत ऐकलेल्या वाक्यांवरूनच बनवते.